हद्द चालत आली

बहिणीच्या पडवीत धाकू घाडी बाजेचं सुंभ आवळत बसला होता, तेव्हा पिवळ्या टोपीचा हवालदार कुंपणापाशी येऊन उभा राहिला. मुलुंडात ही टोपी नवी होती. गेल्या आठवड्यापर्यंत इथे ठाण्याचे पोलीस येत. मग मुलुंड बृहन्मुंबईत गेलं, जुन्या कचेरीवरची पाटी उतरली, दोन पुढाऱ्यांनी भाषणं केली, पेढे वाटले. धाकूनंही पेढा खाल्ला होता.

"धाकू घाडी तूच ना?" हवालदारानं विचारलं.

"होय साहेब."

"तुला मुंबईतून तडीपार केलंय. दोन वर्षांसाठी. बरोबर?"

"बरोबर. म्हणून तर इथे मुलुंडात राहतोय. येत्या श्रावणात संपेल."

"मग तू मुंबईत काय करतोयस?"

धाकूनं हातातलं सुंभ खाली ठेवलं. त्याला वाटलं, आपण काहीतरी चुकीचं ऐकलं. त्यानं मागे वळून घराकडे पाहिलं, मग रस्त्याकडे पाहिलं. सगळं जिथल्या तिथे होतं.

"मी मुंबईत कुठे आलो? मी इथेच आहे."

"इथेच आहेस, पण हे आता मुंबईत आहे," हवालदार म्हणाला. त्याचं नाव माणिक कदम. स्वभावानं माणूस वाईट नव्हता. वरून यादी आली होती, यादीत नाव होतं, म्हणून तो आला होता. "तू असं कर, ठाण्याला जा. नाक्यापलीकडे कुठेही खोली बघ. मी दोन दिवस आलोच नाही असं समज."

"पण मी केलं काय?"

"केलं काही नाहीस रे. पण हद्दीत आलास ना?"

"मी आलो नाही. हद्द आली."

माणिक कदमनं टोपी काढून कपाळ पुसलं. या बोलण्यात काहीतरी खरं आहे हे त्यालाही कळत होतं. पण त्याचं करायचं काय, हे त्याला कोणी सांगितलेलं नव्हतं. "दोन दिवस," म्हणत तो निघून गेला.

आतून रत्नप्रभा, धाकूची धाकटी बहीण, पदराला हात पुसत बाहेर आली.

"दादा, काय झालां? ह्यो कशाक इलो?"

"माका म्हणता, तू मुंबयत इलस."

"असां कसां? सकाळपासून तू हयच तर आसस!"

"तांच तर मी सांगतंय," धाकू म्हणाला. त्यानं पुन्हा सुंभ हातात घेतलं, पण आवळायचा कुठला पेड हेच त्याला आठवेना.

धाकू मूळचा घाटकोपरचा, म्हणजे मूळचा मालवणकडचा, पण मुंबईत आल्यापासून घाटकोपरच्या भटवाडीत राहिलेला. आधी परळला गिरणीत होता. गिरणीतली नोकरी सुटली तशी लाकडाच्या वखारीत हमालीला लागला. अंगानं थोराड, आवाज असा की वखारीत बोलला तर चाळीत ऐकू यावा. चाळीला पाण्याचा नळ एकच. पहाटे पाणी यायचं आणि बघता बघता जायचं. त्या वेळात हंडे, कळशा, बादल्या आणि शिव्या यांची जी गर्दी व्हायची, तिला धाकूनं आपणहोऊन शिस्त लावली होती. तो नळावर उभा राही. आधी म्हातारी माणसं, मग पोटुशी बाई असेल तर ती, मग बाकीचे आलेल्या क्रमानं. एका घराला दोन हंडे. तिसरा कोणी लावला की धाकू तो पायानं बाजूला सारी. उलट बोललं तर दोन शब्द सुनावी. फारच झालं तर हात उचली. कापडाच्या दुकानात मापं घेणारा अनंत बागवे, त्यानं एकदा चार हंडे भरले म्हणून धाकूनं सगळ्यांसमोर त्याच्या कानाखाली जाळ काढला होता. अनंतचा चष्मा गटारात गेला. सगळे हसले होते. निदान धाकूच्या आठवणीत तरी सगळे हसले होते.

त्याच्या लेखी चाळ त्याच्यावर खूश होती. बायका त्याला 'धाकूभाऊ' म्हणत, पुरुष विडी पुढे करत. म्हणून पोलिसांची नोटीस आली तेव्हा आधी त्याला वाटलं, पत्ता चुकला.

एका मोठ्या साहेबासमोर त्याला उभं केलं. साहेबानं कागदावरून वाचलं, की सदर इसम हा लोकांना धाकदपटशा दाखवतो, मारहाण करतो, त्याच्या वर्तनामुळे रहिवाशांत दहशत पसरली असून साक्षीदार भीतीपोटी उघडपणे पुढे येण्यास तयार नाहीत.

"कोण म्हणतं?" धाकूनं विचारलं.

"ते सांगता येत नाही."

"का?"

"ते तुला घाबरतात म्हणून."

"कोण घाबरतो ते कळलं तर मी जाऊन सांगेन ना, की बाबा रे, घाबरू नको."

साहेबाच्या बाजूला उभा असलेला शिपाई खुदकन हसला. साहेब हसला नाही. त्यानं सांगितलं की बचावाला साक्षीदार आणायचे तर आण. धाकूनं चाळीत जाऊन दहा-बारा जणांना सांगितलं. "येतो रे, येतो," असं सगळे म्हणाले. त्या दिवशी दोघे आले, आणि त्यांनी साहेबासमोर सांगितलं की धाकू माणूस चांगला आहे, त्याच्यामुळे नळावर कोणी तोंड वर करत नाही. हे वाक्य कागदावर उतरवून घेताना साहेबाची पेन्सिल जरा थांबली होती, एवढं धाकूला आठवत होतं.

हुकूम झाला. बृहन्मुंबईच्या हद्दीबाहेर, दोन वर्षं. जायचं कुठे, म्हणून विचारल्यावर त्यानं मुलुंड सांगितलं, कारण रत्नप्रभा तिथे दिली होती. तिचा नवरा जयवंत एका औषधाच्या कंपनीत पॅकिंगला होता. आपल्यावर बालंट येईल या भीतीनं आधी तो कुरकुरला, पण मग त्यानं पडवीत जागा करून दिली. धाकूला ठाण्याच्या एका कारखान्यात गाठोडी उचलायचं काम मिळालं. घाटकोपरची खोली सोडली तर पुन्हा मिळणार नाही म्हणून बायको वनमाला तिथेच राहिली आणि दर रविवारी मुलुंडला येऊ लागली. दोन वर्षं अशीच काढायची, असं त्यानं मनाशी धरलं होतं. दीड वर्ष गेलंही होतं.

आणि आता हद्द चालत त्याच्या दारात आली होती.

दुसऱ्या दिवशी तो स्वतःच पोलीस चौकीवर गेला. जयवंत नको म्हणत होता. "कशाला तोंड दाखवायचं? गुपचूप ठाण्याला जा, सहा महिन्यांचा तर प्रश्न आहे." पण धाकूच्या डोक्यात एकच गोष्ट घुमत होती, की आपण काही केलेलं नाही, तर पळायचं कशापासून? चौकीवरच्या सब-इन्स्पेक्टरनं त्याचं ऐकून घेतलं आणि फोन फिरवला. तिकडच्या माणसानं आणखी कोणाला विचारलं. बराच वेळ रिसीव्हर कानाला लावून सब-इन्स्पेक्टर छताकडे बघत बसला. शेवटी त्यानं फोन खाली ठेवला.

"ते म्हणतात, हुकमात बृहन्मुंबई लिहिलंय. मुलुंड आता बृहन्मुंबई आहे. तेव्हा तू इथे राहू शकत नाहीस."

"हुकूम झाला तेव्हा मुलुंड बृहन्मुंबई नव्हतं."

"नव्हतं."

"मग मला कुठल्या मुंबईतून काढलं? तेव्हाच्या की आताच्या?"

सब-इन्स्पेक्टर तरुण होता, बी.ए. झालेला. "हे बघ," तो म्हणाला, "सरकारनं हद्द वाढवली. सरकारला तो अधिकार आहे. सरकारनं तुला हद्दीबाहेर काढलं. तोही अधिकार आहे. दोन्ही बरोबर आहे."

"दोन्ही बरोबर असेल तर मी चूक कसा?"

"तू जातोस की नाही ते सांग."

"नाही जात," धाकू म्हणाला. हे तो हट्टानं म्हणाला की केवळ दुसरं काही सुचलं नाही म्हणून, ते त्याचं त्यालाही नंतर सांगता आलं नाही.

त्यांनी त्याला अटक केली. दुसऱ्या दिवशी पोलिसांच्या गाडीतून त्याला कुर्ल्याच्या कोर्टात नेलं. माणिक कदम शेजारी बसला होता. गाडी भांडुप सोडून घाटकोपरच्या बाजूला आली तसा धाकू जाळीला तोंड लावून बाहेर बघू लागला. ओळखीचा लोहार दिसला, रेशनचं दुकान दिसलं, भटवाडीकडे वळणारा रस्ता दिसला. दीड वर्षात हे सगळं त्यानं पाहिलं नव्हतं.

"साहेब," तो म्हणाला, "मी हद्दीत शिरलो म्हणून मला पकडलंत ना?"

"हो."

"आणि आता तुम्हीच मला हद्दीच्या आत, आणखी आत घेऊन चाललात."

माणिक कदमनं खिशातली चुन्याची डबी काढून धाकूपुढे धरली.

जामीन मिळाला. जयवंतनं वकील गाठून दिला, शरच्चंद्र कारखानीस. मुलुंडातच राहायचे, पाच रस्त्यांच्या चौकापासून जवळ. चांगल्या घरचा, हसरा माणूस, अशिलाला खुर्चीवर बसवून बोलायचा. धाकूची हकीकत ऐकता ऐकता ते खुर्चीत पुढे सरकत गेले.

"घाडी, तुमची केस फार सुंदर आहे," ते म्हणाले.

धाकूला त्यात सुंदर काय ते कळलं नाही, पण वकील खूश आहेत म्हणून त्यालाही जरा बरं वाटलं.

केस लागेपर्यंत जामिनाच्या पत्त्यावर राहायचं, एवढीच अट होती. ठाण्याच्या मुकादमानं निरोप पाठवला, की सुटलास की ये, तुझी जागा ठेवतो. धाकू घरीच बसून राहिला. त्याच दिवसांत निवडणूक आली. रोज संध्याकाळी कर्णा लावलेली जीप गल्लीतून जायची. "बंधूंनो, सरकार म्हणजे कोणी परकं नाही! तुम्हीच सरकार आहात! तुमच्याच मताने सरकार बनतं!" धाकू पडवीत बसून ऐकायचा. त्याचं नाव घाटकोपरच्या यादीत होतं. तो कारखानीस वकिलांना जाऊन विचारून आला.

"मला मत द्यायचा हक्क आहे ना?"

"आहे. पूर्ण आहे."

"मग मी घाटकोपरला जाऊ मत द्यायला?"

"नाही, नाही! जाऊ नका. पकडतील."

"म्हणजे हक्क आहे, पण जायचं नाही."

"परवानगी मागता येते, सरकारकडे अर्ज करून," वकील म्हणाले. "पण ती येईपर्यंत निवडणूक होऊन जाईल."

मतदानाच्या दिवशी वनमाला बोटाला शाई लावून मुलुंडला आली. तिनं ते बोट त्याच्यासमोर धरलं तेव्हा तो बराच वेळ त्या काळ्या रेघेकडे बघत राहिला. कोणाला मत दिलंस, हे विचारायचं त्याच्या डोक्यातच आलं नाही. त्याला वेगळंच कोडं पडलं होतं. आपणच सरकार, तर मग आपल्याला बाहेर कोणी काढलं? चाळीतले लोक सरकार, तर त्यांनी काढलं. म्हणजे ज्यांनी 'येतो रे, येतो' म्हटलं, त्यांनीच. पण त्यांतल्या कोणी?

"कोणी सांगल्यान गो पोलिसांक?" त्यानं विचारलं. हा प्रश्न तो दीड वर्षं दर रविवारी विचारत होता, आणि दर रविवारी वनमाला "माका काय ठाऊक" म्हणून विषय बदलत होती. आज तिनं पिशवीतून डबा काढून पुढ्यात ठेवला.

"नळार आता कोण उभो ऱ्हवता?"

"कोण नाय. लोकांनी रांग लावल्यानी."

"भांडणां?"

"होतत. मगे मिटतत."

धाकूला हे पटेना. मिटतात कशी? तो नसताना?

वनमालानं बरोबर आणलेली भाजणी डब्यातून काढून रत्नप्रभेच्या डब्यात भरली, झाकण लावलं, पुन्हा उघडलं. मग खाली मान घालून म्हणाली, "माका पण इचारल्यानी."

"कोणी?"

"पोलिसांनी. तेव्हा. साऱ्यांक इचारीत होते, दारोदार."

"तू काय सांगलंस?"

"सांगलंय, घरात कधी हात उगारीत नाय. भायलां माका इचारू नका."

धाकू तिच्याकडे बघत राहिला. त्यात खोटं काहीच नव्हतं. बायकोवर त्यानं कधी हात टाकला नव्हता. पण 'भायलां इचारू नका' हे शब्द त्या साहेबाच्या कागदावर कसे दिसले असतील, ते त्याला आत्ता दिसू लागलं.

"'नाय' म्हणून सांगूचां होतां," तो म्हणाला. "तो कोणाक मारीत नाय म्हणून."

"खोटां कसां सांगतलंय?" वनमालाच्या डोळ्यांत पाणी आलं. "त्या अनंताचो चश्मो मीच गटारातसून काढून दिलंय. त्याचो हात कसो थरथरत होतो, तुमी बघलास नाय. मी बघलंय." जरा थांबून ती म्हणाली, "तुमी उगाच एकाक शोधतास."

ती परतीच्या गाडीला गेल्यावर धाकू अंधार पडेस्तोवर तिथेच बसला. रत्नप्रभेनं दोनदा जेवायला हाक मारली. त्याला राग यायला हवा होता, पण राग धरायचा कोणावर? बायकोवर धरावा तर तिनं खरं सांगितलं होतं. अनंतवर धरावा तर त्याला मारणारा आपणच. चाळीवर धरावा, तर चाळीतली सगळी तोंडं एकदम डोळ्यांसमोर येत आणि त्यांतलं एकही वैऱ्याचं वाटत नसे.

पाडव्यानंतर केस चालली. सरकारी वकील म्हणाले, आरोपी बृहन्मुंबईच्या हद्दीत सापडला, हुकूम लागू आहे, आणखी काय हवं? मग कारखानीस उठले. ते आवाज न चढवता, फार गोडीनं बोलले. कायदा म्हणतो, हद्दपार माणूस हद्दीत शिरला किंवा परत आला तर गुन्हा. माझा अशील शिरला का? शिरायला पाऊल उचलावं लागतं. तो परत आला का? परत यायला आधी जावं लागतं. महाराज, हा माणूस बहिणीच्या पडवीत बाजेवर निजला होता, आणि मुंबई त्याच्या अंगावरून पुढे गेली.

कोर्टात हशा पिकला. मॅजिस्ट्रेटही हसले. धाकू हसला नाही, कारण मध्ये मध्ये इंग्रजी होतं आणि आपलं काय चाललंय ते त्याला नीट उमगत नव्हतं. मॅजिस्ट्रेटनी थोडं लिहिलं आणि सांगितलं की आरोपीनं प्रवेश केल्याचं सिद्ध होत नाही. शिक्षा द्यायची तर माणसाच्या कृतीबद्दल द्यावी लागेल, हद्दीच्या कृतीबद्दल देता येणार नाही. आरोपी निर्दोष.

जयवंतनं धाकूला मिठी मारली. बाहेर वडाखाली कारखानीसांनी दोघांना थांबवलं. अजूनही ते हसत होते, पण आवाज उतरला होता.

"घाडी, आता नीट ऐका. हुकूम रद्द झालेला नाही. तुम्ही हद्दीत शिरला नाहीत, म्हणून सुटलात. आता हद्दीबाहेर पाऊल टाकलंत आणि परत मुलुंडात आलात, तर ते शिरणं होईल."

"म्हणजे ठाण्याला कामाला..."

"जाता येईल. परत येता येणार नाही."

"आणि घाटकोपर?"

"घाटकोपर तर पहिल्यापासूनच हद्दीत. तिकडे पाऊल टाकणं म्हणजे शिरणंच."

धाकू वडाच्या मुळांकडे बघू लागला. "वकीलसाहेब, मी सुटलो ना?"

"सुटलात."

"मग जाऊ कुठे?"

"मुलुंडात कुठेही," कारखानीस म्हणाले, आणि ते बोलल्यावर त्यांना स्वतःलाच कसंसं झालं असावं. कारण पुढचं त्यांनी फीबद्दल काही न बोलता धाकूच्या खांद्यावर हात ठेवून सांगितलं. "अपील करू शकतो. सरकारकडे. पण सरकारच्या हुकमावर सरकारकडेच अपील, आणि श्रावण जवळ आलाय. थांबा, असा माझा सल्ला."

तो थांबला. ठाण्याची जागा गेली. मुलुंडातच एका घराच्या बांधकामावर विटा वाहायचं काम त्यानं धरलं. संध्याकाळी कधी तो ठाण्याच्या बाजूला नाक्यापर्यंत चालत जाई आणि अलीकडे उभा राही. पलीकडून माणसं येत, अलीकडून जात, बैलगाड्या जात, कोणी कोणाला काही विचारत नसे. जमिनीवर रेघही नव्हती. एकदा माणिक कदम तिथे भेटला.

"काय बघतोस?"

"हद्द कुठे आहे ते बघतोय."

माणिक कदमनंही इकडे तिकडे पाहिलं. "त्या खांबापाशी असेल," तो म्हणाला. मग जरा विचार करून, "किंवा त्याच्या पुढच्या."

श्रावण आला आणि हुकमाची मुदत संपली. धाकूला वाटलं होतं कोणीतरी येईल, आणताना आले तसे नेताना येतील, काहीतरी कागद देतील. कोणी आलं नाही. मग तोच चौकीवर गेला.

"साहेब, मी जाऊ घरी?"

"मला काय विचारतोस?" माणिक कदम म्हणाला. "मुदत संपली, जा."

"तसं लिहून द्या काहीतरी. वाटेत कोणी धरलं तर?"

"जाऊ नको म्हणून लिहून देतात रे. जा म्हणून कोणी लिहून देत नाही. जा तू."

धाकू भटवाडीत शिरला तेव्हा दुपार होती. चाळीतले लोक दाराबाहेर आले. "आला का रे धाकू!" "धाकूभाऊ, वाळलात हो!" कोणी चहा आणला, कोणी पेरू आणले. त्यानं सगळ्यांचे चेहरे पाहिले. सगळे हसत होते. त्यातलं कुठलं हसू खरं, हे पूर्वी त्याला कधी बघावंसंच वाटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पहाटे नळ आला. धाकू दारात उभा राहिला, पुढे गेला नाही. रांग होती, पण मध्येच दोन तरुण पोरी पुढे घुसल्या, मग कोणाचा तरी नवरा दोन पिंपं घेऊन आला, आरडाओरडा झाला. पाणी गेलं. शेवटच्या खोलीतल्या उत्तराबाई, सत्तरीच्या पुढे गेलेल्या, रिकामी कळशी घेऊन परत फिरल्या. त्यांच्या घरात दुसरं कोणी नव्हतं आणि पाठीचा कणा वाकलेला. धाकूनं आपल्या घरातला हंडा उचलला आणि त्यांच्या दारात नेऊन ठेवला.

"असंच होतं रे रोज," त्या म्हणाल्या. "कधी मिळतं, कधी नाही. तू होतास तेव्हा मला पहिलं मिळायचं. उद्यापासून उभा राहा बघू नळावर."

"मला कोणी सांगितलंय उभं राहायला?"

"मी सांगते की."

"तुम्ही एकट्या सांगून कसं चालेल?"

"मग बाकीच्यांना विचार," उत्तराबाई सहज म्हणाल्या आणि पाणी ओतून घेऊ लागल्या.

धाकूला ते एकदम पटलं. विचारायचं! त्या संध्याकाळी तो दारोदार गेला. प्रत्येक उंबऱ्यापाशी उभा राहून, आवाज जमेल तितका खाली आणून त्यानं विचारलं, "मी पुन्हा नळावर उभा राहिलो तर चालेल का?" पहिल्या दारात माणूस म्हणाला, "हो हो, उभा राहा की!" दुसऱ्या दारात बाई म्हणाली, "तुम्ही म्हणाल तसं, धाकूभाऊ." तिसऱ्या दारात नवरा-बायकोनं एकमेकांकडे पाहिलं आणि दोघं एकदम 'हो' म्हणाले. एका घरातला मुलगा आईच्या मागे जाऊन उभा राहिला आणि आई घाईघाईनं म्हणाली, "चालेल, चालेल." जसजसा 'हो' वाढत गेला तसतशी धाकूची पावलं जड होत गेली. हे 'हो' कसले आहेत? लोकांना तो नळावर हवाय म्हणून, की तो दारात उभा आहे म्हणून? पुन्हा विचारावं तर पुन्हा 'हो'च येणार. दोन वर्षांपूर्वीही त्यानं विचारलं असतं तर असाच 'हो' मिळाला असता, आणि धाकू खुशाल तो खरा धरून बसला असता.

शेवटी अनंत बागवेचं दार आलं. धाकू जरा घुटमळला, मग त्यानं कडी वाजवली. अनंत शर्टाची बटणं लावत बाहेर आला. चष्मा नवा होता. धाकूला बघून त्याचा हात बटणावरच थांबला.

"मी नळावर उभा राहू का, असं विचारायला आलोय. सगळ्यांना विचारतोय."

अनंतनं चौकट धरली.

"नको," तो म्हणाला.

गॅलरीत दोन दारांत माणसं उभी होती, ती आत सरकली. धाकू तसाच उभा राहिला. त्याला अपमान वाटायला हवा होता. पण संध्याकाळभर ऐकलेल्या सगळ्या शब्दांत ह्या एका शब्दावर त्याचा विश्वास बसला.

"बरं," तो म्हणाला. "नको तर नको."

अनंतला बहुधा दुसरंच काही अपेक्षित होतं. तो चौकट सोडेना.

"मग उत्तराबाईंच्या पाण्याचं काय करायचं?" धाकूनं विचारलं. हा प्रश्न त्यानं खरोखरच विचारला होता, कारण त्याला उत्तर येत नव्हतं.

अनंतनं शेवटच्या खोलीकडे पाहिलं. "त्यांची कळशी मी माझ्याबरोबर लावीन," तो म्हणाला.

"रोज?"

"बघू," अनंत म्हणाला. "तू एक दिवस, मी एक दिवस?"

धाकूनं मान हलवली. हे जमेल की नाही, याचा त्याला काही अंदाज नव्हता. अनंतच्या बायकोनं आतून विचारलं, कोण आहे? अनंतनं मागे वळून सांगितलं, "धाकू आहे." मग तो दारातून बाजूला झाला आणि म्हणाला, "चहा घेतोस?"